शिलेदारांच्या सभेंतील कुणबी : वसईच्या फिरंगी इतिहासाचें एक उपेक्षित साधन

(१)

वसईच्या फिरंगी अमलाचा इतिहास लिहितांना मुख्यतः तीन प्रकारचीं साधनें हाताशीं येतात. पहिलें, दप्तरी कागद, म्हणजे करारनामे, सनदा, जमाबंदीच्या वह्या व गव्हर्नरांचीं पत्रें. दुसरें, पाद्र्यांचे अहवाल व परदेशी प्रवाशांचीं वर्णनें. तिसरें, मराठी बाजूच्या बखरी व इ. स. १७३९ च्या मोहिमेचा पत्रव्यवहार. या तिहींची योग्यता कोणीहि नाकारणार नाहीं. परंतु तिहींत एक उणीव सारखीच आहे. ज्या फिदाल्गोंनीं वसईचा कोट उभारिला व दोन शतकें साष्टी-वसईचीं गांवें खाल्लीं, त्यांच्याविषयीं त्यांच्या पायाखालच्या माणसाचें मत काय होतें, हें या कागदांत सहसा सांपडत नाहीं. सनद निघते ती धन्याच्या नांवें, चाकराच्या नांवें नव्हे. जमाबंदींत कूळ येतें तें साऱ्याच्या आंकड्यापुरतें.

ही उणीव अंशतः भरून काढणारें एक साधन पोर्तुगीज भाषेंत छापून उपलब्ध आहे. तें म्हणजे झील व्हिसेंत या दरबारी नाटककाराचीं प्रहसनें. तीं ग्राम्य आहेत, चावट आहेत, प्रसंगीं उघड अश्लील आहेत, आणि त्यामुळेंच ऐतिहासिक साधनांच्या यादींत अशा ग्रंथास सहसा जागा मिळत नाहीं. त्यांतील कांहींचा वसईशीं कसा संबंध पोहोंचतो, त्यांतून इतिहास कोणत्या रीतीनें काढतां येतो, आणि त्यांच्या प्रतींच्या वाट्यास जें आलें त्यावरून आपल्याकडील पोथ्यांच्या संग्राहकांनीं काय बोध घ्यावा, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

एका शब्दाचा खुलासा आरंभींच केला पाहिजे. ‘काव्हालैरो’ या पोर्तुगीज शब्दासाठीं येथें ‘शिलेदार’ हा शब्द योजिला आहे. दोन्ही वर्ग अगदीं एक नव्हेत. तिकडे ती पदवी विधिपूर्वक मिळत असे. तथापि घोडा, हत्यार व त्यांवर आधारलेला मान ही कल्पना दोहोंकडे सारखी असल्यामुळें हाच शब्द सोईचा वाटतो. त्याच्या खालची पायरी ‘एस्कुदैरो’, म्हणजे शब्दशः ढाल वाहणारा. त्यास ‘ढालाईत’ म्हटलें आहे. हा शिलेदारीचा उमेदवार होय.

(२)

झील व्हिसेंत याचा जन्म इ. स. १४६५ च्या सुमाराचा. इ. स. १५०२ पासून १५३६ पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षें, तो पोर्तुगालच्या राजदरबारासाठीं नाटकें रचीत होता. चाळीसांहून अधिक नाटकें त्याच्या नांवावर आहेत. कांहीं पोर्तुगीज भाषेंत, कांहीं कास्तिली भाषेंत व कांहीं दोहोंच्या मिश्रणांत.

त्याचें पहिलें नाटक एकपात्री आहे. जून १५०२ मध्यें मानुएल राजास पुत्र झाला. लगेच दुसऱ्या रात्रीं लिस्बनच्या वाड्यांत, राणीच्या बाळंतिणीच्या खोलींत, एक गुराखी शिरला. तो गुराखी म्हणजे स्वतः व्हिसेंत. राजा, राणी व सरदार यांच्यासमोर तो रांगड्या कास्तिली बोलींत बोलूं लागला. दारावरच्या पहारेकऱ्यांनीं आपणांस गुद्दे मारले अशी तक्रार त्यानें प्रथम केली. मग वाड्याचा थाट पाहून तोंडांत बोट घातलें. मग बाळास आशीर्वाद दिला, आणि आपल्या सोबत्यांस आंत बोलावून दूध, अंडीं, पनीर व मध यांचा नजराणा ठेविला. पोर्तुगीज नाटकाचा आरंभ येथून धरतात. मानकऱ्यांच्या सभेंत घुसलेला, धक्के खाऊन आलेला, तरी न दबतां बोलणारा हलका माणूस, हा या रंगभूमीचा पहिला पुरुष होय.

ज्या बाळासाठीं हें सोंग झालें तेंच पुढें तिसरा जुआंव या नांवानें इ. स. १५२१ त गादीवर आलें व १५५७ पर्यंत राज्य करीत होतें. त्याच्याच कारकीर्दींत, २३ डिसेंबर १५३४ रोजीं, हुमायूनच्या स्वारीच्या भयानें ग्रासलेला गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें वसई व तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांस लिहून दिला. तह करून घेणारा गव्हर्नर नुनो द कुन्हा. इ. स. १५३६ त कोटाचें काम सुरू झालें, आणि व्हिसेंतचें शेवटचें नाटकहि त्याच वर्षीं झालें. म्हणजे आज पालघर जिल्ह्यांत मोडणाऱ्या या वसईवर जी पहिली फिरंगी पिढी उतरली, ती याच प्रहसनांना हंसत वाढलेली पिढी होती.

(३)

‘गांवढळ शिलेदारांपेक्षां बरा ठरतो’ हा विषय ज्यांत पूर्णपणें आला आहे तें प्रहसन ‘इनेस परैरा’ हें होय. इ. स. १५२३ त तोमार येथील ख्रिस्त-संघाच्या मठांत तिसऱ्या जुआंवसमोर तें झालें. हें स्थळ ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. ख्रिस्त-संघ म्हणजे व्रतस्थ शिलेदारांचा संघ. त्याचा लाल क्रूस हिंदुस्थानास येणाऱ्या जहाजांच्या शिडांवर रंगविलेला असे. त्या संघाच्या मुख्य मठांत, त्याच्याच छपराखालीं, शिलेदारीची थट्टा झाली.

या प्रहसनाच्या जन्माचीहि हकीकत त्याच्या मथळ्यांत दिली आहे. व्हिसेंत हीं नाटकें स्वतः रचतो कीं दुसऱ्याचीं चोरतो, अशी शंका कांहीं विद्वानांनीं काढली. त्यावर त्यानें सांगितलें कीं तुम्हीच विषय द्या. त्यांनीं एक लोकांतली म्हण दिली. पाडून टाकणाऱ्या घोड्यापेक्षां पाठीवरून नेणारें गाढव पत्करलें, असा तिचा आशय. त्या म्हणीवर व्हिसेंतनें पुढील कथा बसविली.

इनेस ही मध्यम घरची मुलगी. भरतकाम करून ती कंटाळली आहे, आणि तिला नवरा हवा तो गोडबोल्या, गाणारा-वाजविणारा. पेरो मार्केस नांवाच्या शेतकऱ्याचें स्थळ येतें. हा पैसेवाला आहे, पण खुर्चीवर कसें बसावें हेंहि त्यास ठाऊक नाहीं. तो सर्वांकडे पाठ करून बसतो. इनेसची व त्याची एकांतांत गांठ पडते तेव्हां हा भाबडा तिच्या अब्रूचीच काळजी करूं लागतो. ती त्याला हंसून घालवून देते. मग दोन यहुदी मध्यस्थ एक ढालाईत शोधून आणतात. त्याचें बोलणें रेशमासारखें व सतारीवर बोटें चांगलीं फिरणारीं; पण घरांत कवडी नाहीं. त्याचा पोऱ्या मागें उभा राहून, आपल्याला पगार नाहीं, अंगावर धड वस्त्र नाहीं, हें प्रेक्षकांस सांगत असतो. लग्न होतें. ढालाईत लागलीच बायकोला घरांत कोंडतो, खिडक्यांना खिळे ठोकतो, गाणें बंद करतो, आणि शिलेदारी मिळविण्यासाठीं आफ्रिकेस निघून जातो. कांहीं दिवसांनीं पत्र येतें: लढाईंतून पळत असतां आर्झिला शहराजवळ एका मूर मेंढपाळानें त्याला ठार केलें. शिलेदार होऊं पाहणाऱ्याचा शेवट एका मेंढपाळाच्या हातून व्हावा, यांतला टोमणा त्या सभेंत कोणाला समजला नसेल असें नाहीं.

पुढें इनेस शहाणी होऊन पेरो मार्केसशीं लग्न लावते. तो तिला हवें तेथें जाऊं देतो. एक जोगी, जो पूर्वीं तिच्यावर अनुरक्त होता, त्याच्या मठीस जाण्याची तिला इच्छा होते. वाटेंत ओढा लागतो. तेव्हां हा भोळा नवरा बायकोला खांद्यावर घेऊन, वर दोन दगडी फरशाहि उचलून, तिच्या गाण्याला साथ देत तिला जाराकडे पोंचवितो. म्हण खरी झाली. गाढवानें वाहून नेलें. शेवटच्या या प्रवेशांतील गाण्याचा चावटपणा मुळांतच पाहावा, त्याचा येथें विस्तार करीत नाहीं.

पेरो मार्केस पुढें इ. स. १५२५ च्या ‘बैरा प्रांताचा न्यायाधीश’ या दुसऱ्या प्रहसनांत पुन्हां येतो, आणि तोहि राजासमोरच. आतां तो गांवचा न्यायाधीश झाला आहे, त्याच्या अजब निवाड्यांचा बोभाटा दरबारापर्यंत गेला आहे, आणि जाब देण्यासाठीं त्याला बोलावणें आलें आहे. कायदा त्याला येत नाहीं. पण फिर्यादी व आरोपी जे येतात त्यांचें ढोंग त्याला चटकन दिसतें.

(४)

वसईशीं अधिक जवळचा धागा ‘हिंदुस्थानचें नाटक’ या नांवाच्या प्रहसनांत आहे. तें इ. स. १५०९ त आल्मादा येथें विधवा राणी लिओनोर हिच्यापुढें झालें. प्रारंभीं एक बाई रडत बसलेली दिसते. नवरा हिंदुस्थानास निघाला म्हणून नव्हे, तर त्याचें जाणें रहित झालें अशी बातमी कोणी तरी आणली म्हणून. मोलकरीण बंदरावर जाऊन पाहून येते व आरमार खरोखरच गेलें असें सांगते, तेव्हां बाईचा जीव भांड्यांत पडतो. मग एक बढाईखोर कास्तिली व एक जुना ओळखीचा ढालाईत असे दोन प्रियकर एकाच रात्रीं येतात. एकाला घरांत घेऊन दुसऱ्याला रस्त्यावर थंडींत ताटकळत ठेवण्याची कसरत चालते, आणि मोलकरीण बाजूला उभी राहून हा सगळा हिशेब मांडीत असते. तीन वर्षांनीं नवरा परत येतो. आपण तांबड्या समुद्रापर्यंत गेलों, लढलों, लुटलों, असें तो सांगतो. आणि कप्तानानें वांटा दाबला नसता तर मोठें घबाड घरीं आणलें असतें, असें रडगाणें गातो. बायको आपले उपास व नवस त्याला ऐकविते.

हा नवरा ज्या आरमारांतून गेला त्याच्या सेनापतीचें नांव प्रहसनांत दिलें आहे: त्रिस्तांव द कुन्हा. हें आरमार इ. स. १५०६ त लिस्बनहून निघालें, हें इतिहासांतहि नमूद आहे. आणि त्या आरमारांत सेनापतीचा मुलगा होता, तोच नुनो द कुन्हा. म्हणजे ज्याच्या हातीं पुढें वसई पडली, तो तरुणपणीं ज्या सफरीवर प्रथम हिंदुस्थानास आला, त्याच सफरीच्या पाठीमागें लिस्बनच्या गल्लींत काय म्हणत होते, त्याची ही नोंद आहे. बापलेकांच्या पराक्रमाचीं वर्णनें इतिहासकारांनीं केलीं आहेत. मोलकरणीची बाजू प्रहसनानें राखली.

(५)

येथें एक आक्षेप येईल व तो रास्त आहे. ही कल्पित कथा आहे, ती दरबारच्या कवीनें लिहिली, राजानें पाहिली व सरदारांनीं हंसून घेतली. कुणब्यानें हिच्यांत एक अक्षरहि लिहिलेलें नाहीं. उलट तोहि हास्याचाच विषय आहे. मग हिला साधन कसें म्हणावें?

याचें उत्तर असें कीं प्रहसनांत दोन प्रकारच्या गोष्टी असतात. एक, कवीनें रचलेल्या. दुसऱ्या, कवीनें गृहीत धरलेल्या. इनेस, पेरो मार्केस, खिडक्यांचे खिळे हीं सर्व रचलेलीं. त्यांवरून इतिहास काढूं नये. परंतु विनोदाला पूर्वज्ञान लागतें. ढालाईताच्या पोऱ्यानें पगाराचा उल्लेख करतांच सभा हंसावयाची असेल, तर ढालाईत पगार बुडवितात हें सभेला आधींच ठाऊक असलें पाहिजे. कप्तानानें वांटा दाबला या वाक्यावर हशा यावयाचा असेल, तर वांटे दाबले जातात ही गोष्ट सर्वश्रुत असली पाहिजे. जें समजावून सांगावें लागतें त्यावर कोणी हंसत नाहीं. म्हणून प्रहसनांतील जी माहिती कवि स्पष्टीकरण न देतां, जातां जातां, थट्टेचा आधार म्हणून वापरतो, ती त्या काळच्या सर्वसामान्य समजुतीचा पुरावा होय.

याला पोषक असें आणखी एक चिन्ह आहे. उपाशी ढालाईत व त्याचे कुरकुरणारे चाकर यांवर व्हिसेंतचें दुसरेंहि एक प्रहसन आहे. त्याचें प्रचलित नांव, ‘कोंडा कोणाकडे आहे?’ अशा अर्थाचें, कवीनें दिलेलें नाहीं. तें लोकांनीं पाडलें, असें मथळ्यांतच म्हटलें आहे. घोड्याला कोंडा मागत दारोदार फिरणारा चाकर सामान्य जनांस इतका पटला कीं त्यांनीं नाटकाचें बारसें त्याच्या तोंडच्या वाक्यावरून केलें.

शिवाय व्हिसेंत हा शिलेदारीचा द्वेष्टा नव्हे. इ. स. १५१७ च्या ‘नरकाच्या नौके’च्या नाटकांत पोऱ्याकडून खुर्ची उचलवून आणणारा फिदाल्गो सरळ नरकांत जातो, आणि सैतानाला घाणेरड्या शिव्यांची लाखोली वाहणारा एक वेडगळ माणूस मात्र, मनांत कपट नाहीं म्हणून, देवदूताच्या आश्रयास राहतो. परंतु त्याच नाटकाच्या शेवटीं आफ्रिकेंत लढून मेलेले ख्रिस्त-संघाचे चार शिलेदार कोणाकडे न पाहतां स्वर्गाच्या नौकेंत चढतात. खऱ्या शिलेदाराविषयीं त्याच्या मनांत आदरच होता. तेव्हां खोट्याविषयीं त्यानें जें लिहिलें तें वैरापोटीं लिहिलें असें म्हणतां येत नाहीं, आणि म्हणून त्याच्या साक्षीचें वजन वाढतें.

(६)

आतां ही कसोटी इकडील मुलखास लावून पाहूं. ‘फिदाल्गो’ या शब्दाची फोड ‘कांहीं तरी असलेल्याचा मुलगा’ अशी आहे. उत्तमाशेचें भूशिर ओलांडलें कीं जहाजावरचा प्रत्येकजण फिदाल्गो होतो, ही थट्टा त्या काळीं रूढ होती. फ्रेंच प्रवासी पिरार हा इ. स. १६०८ ते १६१० या काळांत गोव्यास होता. त्यानें लिहिलें आहे कीं अनेक शिपाई एका घरांत मिळून राहत, उंची पोषाख त्यांच्यांत मोजकेच असत, आणि ज्याची बाहेर पडण्याची पाळी असेल तो ते अंगावर चढवून ऐटीनें मिरवे. हा व्हिसेंतचा ढालाईतच होय. मध्यें शंभर वर्षें व एक महासागर गेला एवढेंच. प्रहसनानें गृहीत धरलेली गोष्ट एका परक्यानें प्रत्यक्ष पाहून लिहावी, याहून चांगला ताळा कोणता?

दुसरा ताळा दियोगु दु कोतु याचा. हा इ. स. १५५९ त हिंदुस्थानास आला, गोव्याच्या दप्तरखान्याचा मुख्य झाला व १६१६ त गोव्यासच वारला. त्याच्या ‘अनुभवी शिपाई’ या संवादांत एक म्हातारा शिपाई एका माजी गव्हर्नराच्या तोंडावर फिदाल्गोंच्या लांचखाऊपणाचा पाढा वाचतो. मानकऱ्यांच्या बैठकींत हलक्या माणसानें खरें बोलावें, ही रचना येथेंहि तीच आहे, फक्त हंसूं गेलें आहे. हा ग्रंथ हस्तलिखितांतच फिरत राहिला आणि इ. स. १७९० त प्रथम छापला गेला.

वसईकडे वळतां येथें मामला अधिक बिकट दिसतो. सिमांव बोतेल्यु यानें इ. स. १५५४ त केलेल्या जमाबंदींत वसईखालच्या गांवांचा आकार लागला आहे. गांवें ‘फोरो’ म्हणजे ठराविक धारा घेऊन, बहुधा कांहीं पिढ्यांच्या कराराने, फिदाल्गो व इतर फिरंगी यांस दिलीं जात, आणि कित्येकांवर घोडा व शिपाई बाळगण्याची अट असे. शिलेदारीचा मान येथें कुणब्याच्या पेरणीवर उभा होता. वैद्य गार्सिया द ओर्ता, ज्याच्याकडे मुंबई बेट धाऱ्यानें होतें, त्यानें इ. स. १५६३ त गोव्यास छापलेल्या आपल्या संवादग्रंथांत या मुलखाच्या वस्तीची यादी दिली आहे. तींत भात पिकविणारे ‘कुरुंबी’, बागा राखणारे माळी, सारा वसूल करणारे परभू, वाणी, पारशी व गांवाचें हलकें काम करणारे लोक असे वर्ग आहेत. कुरुंबी म्हणजे आपला कुणबी.

या कुणब्याची स्थिति काय होती याचा सर्वांत रोखठोक पुरावा एका करारांत आहे. जानेवारी १६६५ मध्यें मुंबई इंग्रजांच्या हवालीं करण्यापूर्वीं पोर्तुगीजांनीं हंफ्री कूक याच्याशीं जीं कलमें ठरविलीं, त्यांत एक कलम असें आहे कीं पोर्तुगीज हद्दीच्या गांवांतील कुणबी, भंडारी वगैरे लोक मुंबईस आले तर त्यांस तेथें थारा देऊं नये. ज्याच्या त्याच्या धन्याकडे त्यांस तात्काळ परत करावें. ज्यास पळून जाण्याची मोकळीक नाहीं व ज्यास ‘परत’ करावयाचें असतें, तो भूमीशीं जखडलेला दास होय. कलम लिहावें लागलें यावरून ते पळत होते हेंहि सिद्ध होतें.

आतां दोन्ही साधनें शेजारीं ठेवावीं. व्हिसेंतच्या सभेंत पेरो मार्केस खुर्चीवर उलटा बसला तरी शेवटीं घर, शेत व बायको त्याचीं झालीं, आणि राजासमोर त्याला बोलतां आलें. वसईच्या कुणब्यास ती सभाच नव्हती. त्याच्यावर हंसण्यापुरतें सुद्धां त्याला कोणी रंगभूमीवर आणलें नाहीं. तो कराराच्या कलमांत आला तो पळालेल्या गुराढोरासारखा. हा फरक केवळ सनदा वाचून ध्यानांत येत नाहीं, कारण सनदा दोन्ही देशांत धन्याचीच बाजू सांगतात. प्रहसन शेजारीं ठेवलें म्हणजे मग वसईच्या दप्तरांत काय नाहीं तें दिसूं लागतें.

(७)

या प्रहसनांच्या प्रतींचा इतिहास संग्राहकांनीं विशेष लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. व्हिसेंतच्या हयातींत कांहीं नाटकें सुट्या चोपड्यांच्या रूपानें छापलीं गेलीं. पुढें इ. स. १५५१ त पोर्तुगालच्या धर्मन्यायालयानें निषिद्ध ग्रंथांची यादी काढली, तींत त्याच्या सात नाटकांचीं नांवें आलीं. त्याचा मुलगा लुईस व मुलगी पावला यांनीं इ. स. १५६२ त समग्र संग्रह छापला. पण इ. स. १५८६ त दुसरी आवृत्ति निघाली, ती धर्मन्यायालयाच्या कात्रीखालून. तींतून प्रवेशच्या प्रवेश गेले. पहिली आवृत्ति इतकी दुर्मिळ झाली कीं एकोणिसाव्या शतकांत व्हिसेंतचा पुन्हां शोध लागला तो पोर्तुगालांत नव्हे. जर्मनींतील गटिंगेन विद्यापीठाच्या ग्रंथालयांत एक प्रत राहिली होती, तिच्यावरून इ. स. १८३४ त हांबुर्ग येथें नवी आवृत्ति निघाली.

सात निषिद्धांपैकीं तीन नाटकें अजिबात नष्ट झालीं. त्यांतील दोहोंच्या नांवांत ‘राजवाडा’ हा शब्द आहे. म्हणजे राजवाड्यांतील राहणीचें चित्र ज्यांत असावें, तींच नेमकीं गेलीं. तिसरें ‘प्रेमाचा महोत्सव’ या अर्थाच्या नांवाचें. तें डिसेंबर १५३१ मध्यें ब्रसेल्स येथें पोर्तुगीज वकिलाच्या घरीं झालें, तेव्हां पोपचा वकील आलेआंद्रो तेथें हजर होता. सर्व मंडळी पोट धरून हंसत असतां आपणांस मात्र ल्यूथरच्या मुलखांत बसल्यासारखें वाटलें, अशा अर्थाची संतप्त तक्रार त्यानें रोमला लिहून पाठविली. आज त्या नाटकाची एक ओळ उपलब्ध नाहीं; पण त्याच्याविरुद्धची तक्रार मात्र जपून ठेविलेली आहे.

हाच प्रकार आपल्या शेजारींहि झाला. गोव्याच्या धर्मन्यायालयानें इ. स. १७३६ त एक लांबलचक जाहीरनामा काढून बाटलेल्या लोकांच्या लग्नकार्यांतील रीतीभाती, वाद्यें व ओव्या यांवर बंदी घातली. बंदी नेमकी असावी म्हणून प्रत्येक चालीचें बारकाईनें वर्णन केलें. परिणाम असा कीं त्या काळच्या गोमंतकी लग्नविधींची सर्वांत सविस्तर माहिती आज त्या बंदीच्या कागदांतच सांपडते. ओव्या गाणाऱ्या बायकांनीं त्या कागदावर उतरविल्या नव्हत्या. मोडणाऱ्यानें मात्र यादी करून ठेविली. नष्ट करणाऱ्याचा कागद हेंच जेथें एकमेव साधन उरतें, तेथें इतिहासकारास मोडणाऱ्याच्याच डोळ्यांनीं पाहावें लागतें.

(८)

आपल्याकडे अशा वाङ्मयाची कमतरता नव्हती. व्हिसेंत लिहीत असतांनाच, परंपरेप्रमाणें इ. स. १५३३ त, पैठणास एकनाथांचा जन्म झाला. त्यांच्या भारुडांत महार, जोशी, गोंधळी अशीं नाना तऱ्हेचीं माणसें आपापल्या बोलींत बोलतात. कोंकणांतील लळितांत भालदार-चोपदारांच्या ललकाऱ्यांत भरलेल्या सभेपुढें एकेक सोंग येऊन मान्यवरांची टर उडवितें. दशावतारांतील संकासूर देवांच्या कथेंत मालवणी बोली आणतो व ब्रह्मदेवालाहि सोडीत नाहीं. मोठ्यांच्या सभेंत हलक्या माणसानें येऊन उलटें बोलावें ही युक्ति आपल्या खेळ्यांसहि पुरी अवगत होती.

परंतु या खेळांचे कागद फार थोडे राहिले. बराच भाग तोंडींच चाले हें एक कारण. दुसरें कारण आपल्याच हातचें आहे. जुन्या घरांतून रुमाल बाहेर निघतात तेव्हां सनदा, महजर व वंशावळी प्रथम बाजूस काढल्या जातात, नंतर अध्यात्माच्या पोथ्या, आणि सोंगाच्या वह्या व शिमग्याच्या कवनांचीं बाडें ‘असभ्य’ म्हणून मागें राहतात. छापतांना तर ग्राम्य शब्दाच्या जागीं टिंबें देण्याची चाल पडलीच आहे. हेतु सोज्ज्वळ असेल. परंतु इ. स. १५८६ च्या कात्रीचाहि हेतु तोच होता.

म्हणून संग्राहकांस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, रुमालांतील कोणतेंहि बाड विषयावरून टाकून देऊं नये. तें ज्या कागदांत सांपडलें त्यांच्यासकट ठेवावें, कारण सोंगाची वही कोणाच्या हिशेबाच्या चोपडींत शिवलेली आहे यावरूनच तिचा काळ व गांव बहुधा ठरतो. दोन, नक्कल करतांना एकहि अक्षर गाळूं नये. छापतांना संकोच वाटलाच तर मूळ नक्कल पूर्ण करून मंडळाच्या संग्रहीं ठेवावी व गाळलेल्या ओळींची संख्या छापील प्रतींत सांगावी. तीन, वाचतांना रचलेलें व गृहीत धरलेलें यांची वर सांगितलेली फोड करावी. सोंगांतला पाटील खरा नसतो, पण त्याच्या कोणत्या खोडीवर गांव हंसत होता ती खोड खरी असते.

वसईच्या कोटांतील चर्चच्या फरशींवर फिदाल्गोंच्या नांवांचे शिलालेख आजहि वाचतां येतात. त्यांचीं कुळें, पदव्या व मृत्यूचीं वर्षें अभ्यासकांनीं उतरून घेतलीं आहेत. ज्यांनीं ते दगड वाहून आणले त्यांचा शिलालेख नाहीं. त्यांचें कांहीं म्हणणें कोठें उरलें असलेंच, तर तें अशाच एखाद्या चावट, फाटक्या, नांव नसलेल्या बाडांत असण्याचा संभव अधिक. तें हातीं आल्यास कोणी फेकून देऊं नये, इतकीच विनंति करून हा लेख पुरा करितों.